तंजावर चित्र: मक्कूला तडे, सोन्याखाली फुगे, आणि देवघरातला धूर

चित्रवेडी
नमस्कार मंडळी. देवघरासाठी तंजावर पद्धतीचं नवनीत कृष्णाचं चित्र करायला घेतलं आहे, माप १२ × १५ इंच. ६ मिमी प्लायवर मांजरपाटाचा एक थर आहे, त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेल्या खडूच्या पुडीचे दोन हात. उठावाचा मक्कूही (उठावदार नक्षी भरायचा लगदा) त्याच दोन गोष्टींचा, प्रमाण अंदाजाने. मंडपाच्या खांबांवर, जिथे उठाव जाड आहे, तिथे केसाएवढे बारीक तडे दिसतात. हारांचे टिपके मात्र शाबूत आहेत. कोपऱ्यातल्या एका भागावर सोन्याचं फॉइल लावून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी फुगे आणि सुरकुत्या.

मक्कूचं नेमकं प्रमाण काय ठेवावं? तडे गेलेला भाग भरता येतो की खरवडावाच लागतो? आणि चित्र रोजच्या समई-धुपाजवळ राहणार आहे, तर आत्तापासूनच काय काळजी घ्यावी?

फळी_ते_प्रभावळ
तडे जाड खांबांवर आहेत आणि बारीक टिपक्यांवर नाहीत, म्हणजे दोष प्रमाणाइतकाच थराच्या जाडीचा आहे. मक्कू वरून आधी सुकतो. वरची साय कडक होते तेव्हा आत ओल असते, आणि ती ओल निघताना आतला भाग आकसला की साय फाटते. म्हणून जाड उठाव एका दमात भरायचा नाही. एक थर साधारण १ मिमीचा, तो पुरता वाळला की दुसरा. खांबाला असे तीन थर लागू शकतात. वाळवण सावलीत, फळी आडवी ठेवून. पंखा किंवा ऊन लावलंत तर योग्य प्रमाणातला मक्कूही फाटेल.

प्रमाण मापाने दोन भाग खडूची पूड, एक भाग फेविकॉल, आणि पाणी थेंबाथेंबाने. पूड आधी मलमलीतून चाळा, नाहीतर बारीक खडे कुंचल्याच्या टोकाशी अडकतात आणि रेष तुटते. घोटताना फेटू नका, हवा आत शिरते आणि वाळल्यावर टाचणीएवढी छिद्रं दिसतात. कालवून झाकून अर्धा तास ठेवलंत तर बुडबुडे वर येतात.

पोत जोखायला टाकाऊ फळीवर एक टिपका ठेवा. तो गोल माथ्याने उभा राहिला तर बरोबर. पसरला तर पाणी जास्त, वर शेंडी राहिली तर कमी. तोच टिपका दुसऱ्या दिवशी नखाने खरवडा. पूड हाताला लागली तर चिकट कमी पडलंय, असा मक्कू पुढे टवके टाकतो. नख रुतलं तर फेविकॉल जास्त आहे किंवा अजून वाळलेला नाही. फेविकॉल जास्त झालं की उठाव वाळताना खाली बसतो, कडा मऊ होतात, आणि दागिन्याचं नक्षीकाम ओळखू येईनासं होतं.

तुमच्या खांबांचं: तड्यांच्या दोन्ही बाजू नखाने हलक्या ठोका. घट्ट असतील तर पातळ मक्कू कुंचल्याने तड्यात जिरवा, वाळल्यावर झिरो नंबर पॉलिश पेपर फिरवा. ठोकल्यावर पोकळ वाजलं तर तो भाग फळीपासून सुटला आहे. खरवडून नव्याने भरा, त्याला दुसरा इलाज नाही.

आता पायाचं. ६ मिमी प्लाय या मापाला चालतो, पण वॉटरप्रूफ हवा आणि मागची बाजूही बंद करायला हवी. एकाच बाजूला ओले थर दिले की फळी वाकते, आणि वाकलेल्या फळीवर मक्कू टिकत नाही. मागे कापड किंवा निदान फेविकॉलच्या पाण्याचे दोन हात द्या. मांजरपाट गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढलेली असावी. खडूचे दोन हात मला कमी वाटतात. चार ते पाच द्यावेत, एक आडवा एक उभा, प्रत्येकानंतर पॉलिश पेपर. जुन्या कामात फणसाची फळी आणि चिंचोक्याची खळ असे, तिथेही तत्त्व हेच.

कावेरीकाठ
वरच्या सगळ्याशी सहमत, एक गोष्ट सोडून. मक्कूला फेविकॉल ठीक आहे, पण सोनं बसवायला मी बाभळीच्या डिंकाचं पाणीच सुचवेन. एक भाग डिंक, दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळलेलं. डिंकाचा लेप पातळ बसतो, त्यामुळे मक्कूची बारीक नक्षी सोन्यातून स्पष्ट उमटते, आणि पुढे एखादा भाग दुरुस्त करायचा झाला तर किंचित ओल देऊन सोडवता येतो. फेविकॉल एकदा धरलं की उठावासकटच निघतं.

फुगे येण्याची कारणं दोनच असतात. एक, मक्कू आतून ओला होता: शेवटच्या थरानंतर किमान दोन-तीन दिवस थांबा, पावसाळ्यात आठवडा. दोन, डिंक ओला असतानाच फॉइल टेकवलं. डिंक लावून थांबायचं. बोटाच्या सांध्याने स्पर्श केल्यावर चिकट लागावा पण बोटाला येऊ नये, तो क्षण फॉइलचा. सुरकुत्या ओल्या डिंकाने येतात, आणि डिंक फार सुकला तर खोबणीत सोनं धरत नाही, पांढरे ठिपके राहतात.

फॉइल कागदासकट, आकारापेक्षा २-३ मिमी मोठं कापा. आधी मऊ कोरड्या कुंचल्याने मधून कडेकडे दाबत जा, मग कापूस गुंडाळलेल्या बोथट काडीने खोबणी बसवा. दागिन्यांचे खडे मक्कूच्या आधी चिकटवायचे, म्हणजे मक्कूच त्यांचं कोंदण होतो. सोनं खड्यावरूनही जाऊ द्या, आणि वाळल्यावर सुईच्या टोकाने कडेने कापून खडा मोकळा करा. कोंदणाची कड त्यामुळे रेखीव येते.

दोन सावधगिऱ्या. मिठाईवरच्या जातीचा पातळ वर्ख इथे नको, उंच उठावावर तो फाटतो. म्हैसूर शैलीत सोनं पातळ असतं कारण तिथला उठाव अगदी हलका असतो. तंजावरचा उठाव जाड फॉइल मागतो. आणि नकली फॉइल पितळेचं असतं, ते पुढे काळं-हिरवं पडतं. फॉइलचा एक कतरा मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये एक दिवस ठेवा. पितळ हिरवटेल, २२ कॅरट सोनं तसंच राहील. तयार चित्र घेणाऱ्यांनीही हे विक्रेत्याला विचारावं. तंजावर चित्रांना २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण एखाद्या चित्रावरचं सोनं किती कॅरटचं, हे त्या मानांकनावरून कळत नाही.

सोन्यावर वार्निश मारू नका. खऱ्या सोन्याला त्याची गरज नसते आणि झळाळी मात्र जाते.

शहाजीपूर
रंगांचं थोडं. रंग सोन्यानंतरच, म्हणजे फॉइलची वेडीवाकडी कड रंगाखाली झाकता येते. देवघरासाठी पोस्टर कलरपेक्षा अॅक्रिलिक बरा, पोस्टर कलर दमट हवेत हाताला लागतो. पार्श्वभूमी सपाट लाल, हिरवी किंवा निळी. शेवटी गडद तपकिरी रेषेने बाह्याकृती ओढा. सोनं आणि त्वचा यांच्यामधली ही रेष ओढायची राहून गेली तर चेहरा सोन्यात बुडतो. डोळे सर्वांत शेवटी, बाकी एकही हात बाकी नसताना.

आणि ही कला आपल्याला परकी समजू नका. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. आज आपण जिला तंजावर शैली म्हणतो ती या दरबाराच्या आश्रयाने बहरली, विशेषतः दुसरे सरफोजी राजे (१७९८-१८३२) यांच्या काळात. चित्रं घडवणारे राजू आणि नायडू समाजांतले तेलुगू कारागीर, आश्रय मराठी, आणि चित्रं जायची भजनमठांत आणि घरच्या पूजेत. ती तेलाच्या दिव्याच्या उजेडात पाहायची होती. उंच उठाव त्याचसाठी आहे: ज्योत हलली की खांबाची एक बाजू उजळते, दुसरी मावळते, आणि मधला गुळगुळीत सपाट चेहरा स्थिर राहतो. चित्रावर पांढरा एलईडी सरळ समोरून मारला तर हा सगळा खेळ संपतो. उजेड पिवळसर आणि बाजूने हवा.

ओवरी
देवघराबद्दल. समई चित्राच्या बरोबर खाली नको, बाजूला आणि किमान दीड-दोन फूट पुढे. ज्योत धूर सोडत असेल तर वात कापा. काजळी उठावाच्या खोबणीत बसली की पुसून निघत नाही. कापूर आणि धूप त्याहून वाईट, त्यांची आरती चित्रापासून लांबच करा.

हळद-कुंकू-चंदन चित्राला थेट लावायचं नाही, काचेवर लावा. हळदीचा डाग रंगातून जात नाही. हार चौकटीला बाहेरून, आणि ओली फुलं संध्याकाळी काढून ठेवा. अभिषेक अर्थातच नाही, प्रोक्षणही पळीतलं पाणी ताम्हणात सोडून. ओलं फडकं कधीही फिरवू नये. डिंकाने बसवलेलं सोनं पाण्याने सुटतं.

काच आणि चित्र यांच्यात अर्ध्या इंचाची जागा सोडायला चौकटवाल्याला सांगा. काच उठावाला टेकली तर दमट दिवसांत सोनं तिला चिकटतं. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळली पाहिजे. बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा.

चित्रवेडी
मनापासून आभार. खांब ठोकून पाहिले: एक घट्ट, एक पोकळ. पोकळ खरवडते. एक शंका राहिली. काच लावली की समईची ज्योत काचेतच दिसते आणि सोनं मंद वाटतं. देवघरात काच टाळता येईल का?

ओवरी
रोज धूप असेल तर टाळू नका. चौकट वरच्या बाजूने भिंतीपासून थोडी पुढे झुकवून टांगा, खाली टेकलेली. प्रतिबिंब खाली जमिनीकडे जातं आणि समोर बसणाऱ्याला सोनं दिसतं. किती झुकवायचं ते पाटावर बसून ठरवा, उभं राहून ठरवलं तर चुकतं. खर्च करायची तयारी असेल तर प्रतिबिंब न देणारी काच मिळते. घेताना तुकडा उठावापासून अर्धा इंच वर धरून पाहा. खरखरीत पृष्ठाची स्वस्त काच इतक्या अंतरावर चित्र धुरकट करते, ती घेऊ नका.