मदत हवी आहे: स्लॅग घातलेल्या स्लॅबचं शटरिंग (काँक्रीट धरून ठेवणारा साचा आणि टेकू) थंडीत कधी काढावं?

नाशिकमधली पार्किंग + ७ मजल्यांची आरसीसी इमारत. एम३० (२८ दिवसांना चौरस मिमीला ३० न्यूटन ताकदीच्या) काँक्रीटमध्ये घनमीटरला ३८० किलो ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, होतं. त्यातलं निम्मं काढून जीजीबीएस, म्हणजे पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीच्या स्लॅगची (मळीची) बारीक पूड, घातलं. ओपीसीला किलोमागे साधारण ०.९ आणि स्लॅगला ०.०८ किलो कार्बन (डायऑक्साइड) धरला, तर बाइंडरचा (सिमेंट + स्लॅग) आकडा घनमीटरला ३४२ किलोवरून १८६ वर येतो. वाहतूक वेगळी.

कागदावर झकास, पण साइटवर ३ दिवसांचा क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) चौरस मिमीला ९ न्यूटन देतोय. आधी १६ मिळायचे. २८ दिवसांना मात्र अडचण नाही. रात्री पारा १० अंशांखाली जातो, आणि स्लॅगला थंडी अजिबात मानवत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकामधल्या शटरिंग काढायच्या मुदती साध्या ओपीसीच्या आणि १५ अंशांच्या वरच्या हवामानाच्या, त्यामुळे त्या इथे जशाच्या तशा लावता येत नाहीत. ठेकेदार म्हणतो, परत शंभर टक्के ओपीसी करा.

माझा विचार असा: राफ्टला (पायाच्या सलग स्लॅबला) ६० टक्के स्लॅग ठेवून स्ट्रेंथ ५६ दिवसांना तपासायची, स्लॅबला ३० टक्क्यांवर यायचं आणि पाणी-बाइंडर प्रमाण ०.४५ वरून ०.४० करायचं. पाणीच कमी करायचं, बाइंडर वाढवायचा नाही, नाहीतर वाचवलेला कार्बन तिथेच गेला. क्यूरिंग १० दिवस.

थंडीत ३० टक्क्यांवर ३ दिवसांना तुम्हाला किती स्ट्रेंथ मिळाली? क्यूब स्लॅबशेजारीच, त्याच थंडीत ठेवले होते का? क्लोराइड नसलेला अ‍ॅक्सिलरेटर (काँक्रीटला लवकर ताकद आणणारं रसायन) वापरला असल्यास डोस सांगा.

आणि सळईचं काय धरता? भंगाराची म्हणून कमी कार्बनची, हे मला पटत नाही. भट्टीत भंगारासोबत कोळशावरचं स्पंज आयर्न (कोळसा वापरून खनिजापासून काढलेलं लोखंड) किती पडलं, हे कोणी सांगतच नाही.