पडलेल्यालाच का विचारायचं, ‘लक्ष कुठं होतं?’

घाटवळण

‘रस्त्यावरचा साक्षी’ यांची परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश: सायकलवरून पडणारा बहुतेक वेळा स्वतःच्या गाफीलपणामुळे पडतो, नजर रस्त्यावर असेल तर खड्डा दिसतोच, आणि पन्नाशी उलटल्यावर मोठं हाड मोडलं तर सायकल विकून टाकावी, घरच्यांना पुन्हा तेच भोगायला लावू नये. खाली रांगेनं ‘अगदी खरं’, ‘मनातलं बोललात’.

मी पन्नाशी उलटलेली आहे, उजव्या मांडीच्या हाडात रॉड आहे, आणि मी पुन्हा सायकल चालवते. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी पडले तेव्हा माझं लक्ष रस्त्यावरच होतं. केबलसाठी रस्ता आडवा खणून नुसत्या मातीनं बुजवला होता. पाऊस झाला, माती खचली, चरात पाणी भरलं. पहाटेच्या अर्धवट उजेडात ओलं डांबर आणि काठोकाठ भरलेला चर एकसारखेच दिसतात. ना बॅरिकेड, ना फलक, ना काठीला बांधलेली लाल चिंधी. ताशी 25 किलोमीटरच्या वेगानं सायकल सेकंदाला सात मीटर पुढं जाते. दिसून, कळून, बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत तेवढं अंतर सहज संपतं. चाक चरात अडकलं आणि मी हँडलवरून पलीकडे. दवाखान्यात, चौकीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे पहिला प्रश्न एकच, लक्ष कुठं होतं? चर कुणी खणला, हे एकानंही विचारलं नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे रस्ता ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. ‘नीट बघून चालवायचं ना’ असं न्यायालय म्हणालं नाही.

आता सावधपणाबद्दल. पडल्यामुळे माणूस सावध होतो हे खोटं आहे. मी धास्तावले. वॉकर, मग काठी, मग घरात ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच फिरणाऱ्या सायकलच्या स्टँडवर, पाय फिरवणं, आणि पुन्हा रस्त्यावर आले तेव्हा नजर चाकापुढच्या दोन हातांवर खिळलेली. प्रत्येक सावली खड्डा वाटायची. खाली पाहणाऱ्याला राँग साइडनं येणारी दुचाकी दिसत नाही, उभ्या गाडीचं उघडणारं दार दिसत नाही. नजर पुन्हा लांब टाकायला शिकणं मला गुडघा वाकवण्यापेक्षा जड गेलं, आणि त्यासाठी कुणी व्यायाम लिहून देत नाही.

आज मी साचलेल्या पाण्यात चाक घालत नाही. उभ्या गाड्यांपासून दार पूर्ण उघडेल एवढी लांब राहते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेनं असतील तर आधीच बाजू बदलते. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी प्लेटांवर हँडल वळवत नाही. संक्रांतीच्या आगेमागे गळ्याभोवती जाड कापड गुंडाळते, कारण 2017 साली राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घालूनही नायलॉन मांजा उघड विकला जातो. हे सगळं त्या पहाटे केलं असतं तरी तो चर दिसला नसता.

सायकल विका म्हणणाऱ्यांनी, खणून निघून जाणाऱ्याला आजवर एक ओळ लिहिली आहे का?

रस्त्यावरचा साक्षी

ताई, तुमच्या पायाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण माझी पोस्ट कुठून आली ते सांगतो.

माझा थोरला भाऊ बारामती-फलटण भागात सायकल चालवायचा. पहिल्यांदा कुत्रं आडवं आलं आणि तो डोक्यावर पडला. त्या दिवशी उठून चालत घरी आला, जेवला, झोपला. काही आठवड्यांनी बोलताना शब्द सापडेनात, चालताना तोल जायला लागला. मेंदूवर रक्त साचलं होतं. कवटीला भोक पाडून काढलं. बरा झाला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले, बाबा आता नको. तो म्हणाला, मी सावध राहीन.

पुढच्या गाळप हंगामात पहाटे उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्या वेळी घरी आला नाही.

न्यायालयाचे आदेश मला सांगू नका. रस्ते सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर घरी बसलेला माणूस निदान असतो.

ब्रेव्हे 600

साक्षी, ऐकून सुन्न झालो. पण मग तुम्ही पोस्ट सायकलवाल्यांवर का लिहिलीत? ट्रॉलीवर लिहायला हवी होती!

ऊसवाहतूक हा पश्चिम महाराष्ट्रातला मोठा धोका आहे. ब्रेव्हेत, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत, रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि पुढं-मागं दिवे नसतील तर आम्हाला चालवू देत नाहीत. आणि दोन ट्रॉल्या जोडून वीसेक टन ऊस ओढणारा ट्रॅक्टर मागून काळाकुट्ट. दिवा असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेला. रस्त्यावर पडलेली उसाची टिपरी वेगळीच, त्यावर चाक गेलं की सायकल आडवी. वर पंक्चर काढायला ट्रॉली उभी केली की चाक सरकू नये म्हणून दगडांची उटी लावायची, आणि निघताना दगड तिथंच. मी असा दगड चुकवताना रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात गेलोय, मनगट अजून दुखतं.

गव्हाण

इथं ट्रॅक्टरवाला मी एकटाच दिसतोय, तर ऐकून घ्या.

आमच्या दोन ट्रॉल्या कारखान्याला लावलेल्या असतात. ऊसतोड टोळीसाठी मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची, ती कर्ज काढून. मागच्या हंगामात मुकादम उचल घेऊन गायब झाला, टोळी आलीच नाही. हप्ता मात्र येतो. पैसे टनावर मिळतात, म्हणजे खेप झाली तर पैसे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, म्हणून रात्र बघायची नाही. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपतो.

भरलेली ट्रॉली बाजूला का घेत नाही म्हणता. बाजू कुठं आहे? डांबर संपलं की साइडपट्टी वीतभर खाली. तिकडं चाक उतरवलं की ट्रॉली पलटी. म्हणून रस्त्यातच उभी राहते. तुमचा शौक आहे, आमचं पोट आहे. पहाटे फिरायलाच यायचं तर हंगामात दुसरा रस्ता धरा.

ब्रेव्हे 600

पोट आहे म्हणून दुसऱ्याचा जीव घ्यायची मुभा मिळते का? साक्षींचा भाऊ वाचलात ना वर? आणि दगड बाजूला फेकायला कुठला हप्ता आडवा येतो? डेक वाजवायला बॅटरी पुरते, मागच्या लाल दिव्याला पुरत नाही?

गव्हाण

डेक झोप लागू नये म्हणून लावतो ड्रायव्हर. तुम्ही दोन रात्री जागून ट्रॅक्टर चालवून बघा, मग बोला. आणि जीव घ्यायची भाषा कुणाशी करताय? माझा सख्खा चुलतभाऊ उसाच्या ट्रॉलीखाली गेलाय, पलटी होऊन. त्याची बातमी चार ओळींची. तुमच्यातला एक पडला की मेणबत्त्या.

उत्रेख्तकर

भांडणात पडत नाही, पण एक सांगावंसं वाटतं. इथं नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात 400 हून अधिक मुलं. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं म्हणत आईबाप रस्त्यावर बसले आणि तिथून रस्ते बदलायला लागले. आज इथल्या कायद्यात मोटारीची धडक सायकलवाल्याला बसली की जबाबदारी मुळात मोटारवाल्याकडे. सायकलवाल्याची चूक असली तरी सहसा निम्मी भरपाई द्यावीच लागते, चौदा वर्षांखालच्या मुलाला तर पूर्ण. आणि इथं बहुतेक लोक हेल्मेटशिवाय फिरतात, तरी सुरक्षित आहेत.

सांधेजोड

हेल्मेटचं शेवटचं वाक्य कृपा करून इथं पसरवू नका. तिथं सायकलसाठी वेगळा रस्ता आहे, आपल्याकडे ट्रकच्या शेजारून जायचं असतं. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलला हेल्मेट सक्तीचं नाही, म्हणून लोक घालत नाहीत. आणि जे घालतात ते एकदा आपटलेलं हेल्मेट वर्षानुवर्षं वापरतात. आतला फोम एकदाच दबायला बनवलेला असतो, तो दबला की काम संपलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साक्षींनी भावाबद्दल लिहिलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. डोक्याला मार लागल्यावर, विशेषतः वय झालेल्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला, कित्येक आठवड्यांनीही डोकेदुखी, विसरणं, तोल जाणं सुरू झालं तर लगेच सीटीस्कॅन करा. ‘तेव्हा तर काही नव्हतं’ म्हणून थांबू नका.

मूळ मुद्द्यावर मला दोघांचंही पटत नाही. पन्नाशीनंतर घरी बसवलं की स्नायू झडतात, तोल बिघडतो, आणि माणूस न्हाणीघरात पडतो. तिथं मोडलेली हाडं मी जास्त पाहते. पण घाटवळणताई, सायकलवर शरीराचा भार हाडांवर येत नाही, म्हणून नुसत्या सायकलिंगनं हाडं बळकट होत नाहीत. रॉड बसलेल्या पन्नाशीच्या बाईनं हाडांची घनता तपासून घ्यावी, जिने चढावेत, वजनं उचलावीत. किती जणी करतात?

घाटवळण

सांधेजोड, घनता तपासलेली नाही. तपासते. वजनांचं तुमचं बरोबर असेल, पण व्यायामशाळेच्या बंद खोलीत मला अर्धा तासही काढवत नाही, हेही लिहून ठेवा.

उत्रेख्तकर, जबाबदारीचा तुमचा मुद्दा मला हवा होता. आपल्याकडेही मोटारीनं उडवलेल्या सायकलवाल्याला वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून, मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. पण त्यासाठी सहसा एफआयआर आणि पंचनामा मागतात, आणि तिथंच ‘जाऊ द्या, तुमचंही लक्ष नसेल’ म्हणून मिटवतात. उचलून दवाखान्यात नेणाराही पोलिसांच्या भीतीनं पळतो, जरी 2019 च्या दुरुस्तीत 134अ कलमानं त्याला संरक्षण दिलेलं आहे.

साक्षी, तुमच्या भावाबद्दल वाचून मी दिवसभर उत्तर लिहू शकले नाही. पण तुमच्याच घरातली गोष्ट बघा. पहिल्या वेळी कुत्रं, दुसऱ्या वेळी बिनदिव्याची ट्रॉली. यात त्यांचा गाफीलपणा कुठं आहे? तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात, कारण ते ऐकले नाहीत. तो राग मला समजतो, माझा मुलगा माझ्यावर तसाच रागावलेला आहे. पण तो राग तुम्ही नियम म्हणून सगळ्यांपुढं ठेवलात.

रस्त्यावरचा साक्षी

राग आहे, मान्य. ‘बहुतेक जण आपल्या गाफीलपणामुळे पडतात’ हे वाक्य पोस्टमधून काढतो. ते मी आकडा बघून लिहिलं नव्हतं. पन्नाशीचंही काढतो, सांधेजोड यांच्यामुळे, तुमच्यामुळे नाही.

सायकल विकण्याचं काढणार नाही. तुमच्या मुलानं ते वाचावं आणि तुमच्याशी बोलावं.

घाटवळण

बोलतो तो, रोज बोलतो. दिवस उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि कुठल्या रस्त्यानं जाणार ते सांगून जायचं, एवढं त्याच्यासाठी मान्य केलंय. विकणार नाही.

ब्रेव्हे 600

गव्हाण, चुलतभावाचं माहीत नव्हतं. ‘जीव घ्यायची मुभा’ मागे घेतो. दगड आणि दिवा मागे घेत नाही.

गव्हाण

दगडाचं खरं आहे. आमच्याच एका पोराची दुचाकी त्यावर गेलीय. ड्रायव्हरला सांगून ठेवतो, ऐकतील तेवढे ऐकतील.

रिफ्लेक्टरचं मात्र शहरात बसून कळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर पट्ट्या चिकटवतात, फोटो काढतात. पट्टी बसते फाळक्यावर, ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर, आणि ऊस भरला की वाढं त्याच्यावर लोंबतं. पट्टी आहे पण दिसत नाही. त्यापेक्षा रिफ्लेक्टरचं कापड उसावरून मागं सोडून खालून बांधायला पाहिजे. ते दर खेपेला सोडायचं, दर खेपेला बांधायचं. गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, ऊस पाडायच्या घाईत निम्मी कापडं फाटतात नाहीतर हरवतात.

ब्रेव्हे 600

कापडाचा खर्च आमचा गट करेल. दोनशे ट्रॉल्यांचं जमवता येईल, मी विचारतो.

गव्हाण

पैशाचं नंतर बघू. आधी गाडीतळावर रात्री या, दिवसा नाही. भरलेल्या ट्रॉलीवर चढून एक कापड स्वतः बांधून बघा. सुटलं नाही तर पुढं बोलू. आणि साइडपट्टीचा अर्ज द्याल तेव्हा माझी सही घ्या, आमच्या गावातल्या चाळीस ट्रॅक्टरवाल्यांच्या मिळवून देतो.