परदेशात कामाचा परवाना आणि मुक्काम : आपले अनुभव

दूरदेशी

भाचीला परदेशात पहिली नोकरी मिळाली आहे. काल तिने फोनवर विचारले, "मामा, पासपोर्टवर व्हिसा लागला की सगळे झाले ना?" तिला उत्तर देता देता माझी अमेरिकेतली वर्षे डोळ्यांपुढून गेली आणि वाटले, की हे एकदा लिहून काढावे व इतरांकडूनही ऐकावे.

अमेरिकेचा व्हिसा ही केवळ दार ठोठावण्याची परवानगी असते. आत किती काळ राहायचे हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी तीन वर्षांची असली, तरी पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर आय-९४ बहुधा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळते. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या व्हिसावर आणि मंजुरीपत्रावर पुढची तारीख होती. त्याने सहज म्हणून आय-९४ छापून घेतले, तर त्यावर कितीतरी अलीकडची तारीख निघाली. त्या दुपारी आमच्या विभागातल्या प्रत्येकाने आपापले आय-९४ उघडून पाहिले. त्याच्या हाती वेळ होता, म्हणून त्याने पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले आणि देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत प्रवेश केला. हाती वेळ नसता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

ग्रीन कार्डाबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण त्यामागचे गणित नव्याने येणाऱ्या मुलांना कोणी नीट सांगत नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे असतात, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा नियम आहे. अर्ज करणारे भारतीय संख्येने फार असल्यामुळे आपली रांग हलत नाही. कोणाची पाळी आली हे सांगणारे व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघते, त्यात आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, शोधायची आणि पुन्हा कामाला लागायचे, असे आयुष्य मी काढले. मात्र एक गोष्ट मला वेळेवर समजली आणि तिने मोठा आधार दिला : आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने आपल्या वतीने केलेला अर्ज, मंजूर झाल्यावर नोकरी बदलली, तर नव्या कंपनीला सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते, पण प्रायॉरिटी डेट आपल्याबरोबर येते. हे ठाऊक नसल्यामुळे मनाविरुद्ध एकाच ठिकाणी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

कोणत्याही देशातला अनुभव चालेल. कृपया सविस्तर लिहावे.

वाळवंटवारा

सौदीत आमचे सगळे इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर चालते. इकाम्याचे नूतनीकरण करणे ही मालकाची जबाबदारी असते, पण ते वेळेत झाले नाही तर हाल होतात ते कामगाराचे, कारण बँकेचे खाते, मोबाइलचे कार्ड आणि देशाबाहेर जाण्याची परवानगी हे सगळे त्या एका क्रमांकाला बांधलेले असते.

वडिलांना रुग्णालयात दाखल केल्याचा फोन आला तेव्हा कफीलच्या, म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय एक्झिट री-एंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याचा परवाना मिळत नसे. कफील परदेशी गेला होता आणि त्याच्या वतीने सरकारी कामे करणारा मंदूब दुसऱ्या शहरात होता. तिकीट काढून मी कार्यालयाच्या जिन्यात बसून राहिलो. मंदूब परत आला, त्याने माझ्यासमोर मोबाइलवर मालकाचे खाते उघडले, पासवर्ड टाकला, आणि माझ्या मोबाइलवर परवाना निघाल्याचा संदेश येईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मार्च २०२१ मध्ये कायदा बदलला. करारावर एक वर्ष पूर्ण झाल्यावर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलता येते आणि एक्झिट री-एंट्री अबशर या सरकारी ऑनलाइन सेवेवरून स्वतःच काढता येते. परंतु घरकाम करणारे, घरगुती वाहनचालक आणि शेतमजूर यांना या सुधारणेतून वगळले गेले आणि खरे तर त्यांनाच तिची सर्वांत जास्त गरज होती. माझ्या खोलीत राहणारा एक जण वाहनचालक होता; आम्ही सगळे अबशर उघडून आनंदाने एकमेकांना दाखवत होतो तेव्हा तो शांतपणे जेवत होता, हे मी विसरू शकलो नाही.

पारिजात

वाळवंटवारा, वडिलांची भेट झाली का?

वाळवंटवारा

झाली, ताई. त्यानंतर ते काही वर्षे आमच्यात होते. विचारल्याबद्दल आभारी आहे.

ध्रुवतारा

जर्मनीत नव्याने येणाऱ्यांनी फिक्शनबेशाइनिगुंग हा कागद नीट समजून घ्यावा. जुना परवाना संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केला आणि निर्णय लागला नाही, तर मधल्या काळासाठी हा कागद देतात. त्याच्या आतल्या बाजूला वेगवेगळे पर्याय छापलेले असतात आणि अधिकारी त्यांतल्या एका चौकोनात खूण करतो. निवास कायद्याच्या परिच्छेद ८१, उपपरिच्छेद ४ वर खूण असेल तर जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. नोकरीही करता येते आणि देशाबाहेर जाऊन परतही येता येते. उपपरिच्छेद ३ वर खूण असेल, तर राहण्याला हरकत नसते, पण बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. दिसायला कागद एकच असतो आणि एका खुणेने एवढा फरक पडतो. बहिणीच्या लग्नाला निघण्याआधी मी अधिकाऱ्यांना त्या खुणेचा अर्थ समोरासमोर विचारला आणि त्यांच्याकडून होकार मिळाल्यावरच तिकीट काढले.

बाकी मार्ग तुलनेने सरळ आहे. आल्यावर आधी पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग करावी, कारण करक्रमांक त्यानंतरच येतो. त्यासाठी घरमालकाने सही केलेले निवासाचे पत्र लागते, म्हणून भाडेकरार करतानाच ते पत्र मिळेल ना हे विचारून घ्यावे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्याला कायमचा निवास परवाना ए-१ या प्राथमिक पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी आणि बी-१ या मध्यम पातळीवर २१ महिन्यांनी मागता येतो. ऑफिसात इंग्रजी चालत असले तरी जर्मन शिकावे, असे मी पोटतिडकीने सांगतो. त्या सहा महिन्यांसाठी नव्हे, तर खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याशी आपले म्हणणे आपल्याच तोंडून मांडता यावे यासाठी.

आगंतुक

दूरदेशी, एक शंका आहे. जुना पासपोर्ट संपला, पण त्यातला अमेरिकेचा व्हिसा अजून चालू असेल, तर तो व्हिसा वाया जातो का?

दूरदेशी

आगंतुक, वाया जात नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून प्रवास करता येतो. व्हिसा फाटलेला किंवा खराब झालेला नसावा, आणि जुन्या पासपोर्टातून ते पान कधीही वेगळे काढू नये.

पारिजात

येथे बहुतेकांनी नोकरी करणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. मी एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर अमेरिकेला गेले. शिक्षण होते, कामाचा अनुभव होता, आणि कायद्याने मला काम करता येत नव्हते. सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नव्हता, त्यामुळे लहानसहान कामांसाठीही पतीच्या कागदांची प्रत जोडावी लागे. माणसे सहजपणे "मग सध्या काय करता?" असे विचारत आणि उत्तर देताना घसा भरून येई.

मे २०१५ पासून नियम बदलला. ज्यांच्या पतीचा किंवा पत्नीचा आय-१४० मंजूर झाला आहे, त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. तो न्यायालयात वर्षानुवर्षे आव्हानाखाली राहिला, त्यामुळे नोकरी लागल्यावरही प्रत्येक सुनावणीची बातमी आली की पोटात गोळा येई. परवान्याचे कार्ड टपालाने आले तेव्हा मी पाकीट फोडून आधी आपले नाव वाचले, मग खालची अंतिम तारीख वाचली. त्या तारखेकडे पाहण्याची सवय अजून गेलेली नाही.

मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. आईवडिलांची पाळी येण्यापूर्वी मूल २१ वर्षांचे झाले, तर ते एच-४ वर राहू शकत नाही आणि ग्रीन कार्डाच्या अर्जातूनही बहुतेक वेळा बाहेर पडते. २००२ च्या एका कायद्याने वय मोजण्यात थोडी सवलत दिली आहे, पण आपल्या रांगेपुढे ती अपुरी पडते. जे मूल त्याच देशात बोलायला शिकले, त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करायला सांगताना आईला काय वाटत असेल, हे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

क्षितिजरेषा

पारिजात ताई, अगदी माझ्या मनातले लिहिलेत. मुलगी बारावीत आहे, म्हणून आज एवढेच लिहिते.

मध्यान्ह

एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर ६० दिवसांची मुभा मिळते, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. ही तरतूद जानेवारी २०१७ पासून आहे. हे दिवस नोकरीच्या अखेरच्या दिवसापासून मोजले जातात. कंपनी नंतर भरपाईचे पैसे देत राहिली तरी मोजणी थांबत नाही, आणि नेमका येथेच अनेकांचा हिशेब चुकतो.

आमच्या पूर्ण गटाला एका सकाळी कमी केले. मी त्याच दिवशी वकिलांना फोन केला, नोकरीची अखेरची तारीख कंपनीकडून लेखी मागून घेतली आणि पगारपत्रके, मंजुरीपत्रे, अनुभवाची पत्रे हे सगळे स्वतःच्या मेलवर मागवले, कारण कंपनीचे खाते संध्याकाळी बंद होणार होते. नव्या कंपनीने मुदतीत अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता तेथे काम सुरू करता येते. मला तशी कंपनी मिळाली. ज्या मित्राला मिळाली नाही, त्याने मुदत संपण्यापूर्वी पर्यटक म्हणून दर्जा बदलण्याचा अर्ज केला, मुलांचे शालेय वर्ष पुरे होऊ दिले आणि मग घर आवरले. त्याच्या घरातली खोकी बांधायला मी गेलो होतो. धाकटा मुलगा प्रत्येक खोक्यावर स्वतःचे नाव लिहीत होता.

आपल्या अर्जाच्या प्रती कंपनीकडे आणि वकिलाकडे असतात, पण त्या आपल्याकडेही असायला हव्यात. मागायला संकोच करू नये.

उत्तरायण

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षे झाली की कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे आयएलआरसाठी अर्ज करता येतो, असे धरून आम्ही आलो. अट अशी, की कोणत्याही १२ महिन्यांत १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलेले नसावे. पासपोर्टावर नेहमी शिक्के पडत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रवासाच्या तारखा त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवाव्यात. लाइफ इन द यूके ही परीक्षा ४५ मिनिटांची असते, २४ प्रश्नांपैकी १८ बरोबर यावे लागतात आणि नीट वाचले तर ती अवघड नाही.

अवघड आहे ती अनिश्चितता. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाच वर्षांची अट सर्वसाधारणपणे दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. अर्ध्या वाटेवर असलेल्या माणसांनी घर घ्यावे की नाही, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हे निर्णय आधीच्या नियमांवर विसंबून घेतले होते. नवे नियम करण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे हे मला मान्य आहे, पण जुन्या नियमांच्या भरवशावर बोलावलेल्या माणसांना ते लागू करू नयेत, असे मला मनापासून वाटते.

क्षितिजरेषा

कॅनडाचे पीआर, म्हणजे कायमचे वास्तव्य मिळवून परत आलेल्यांसाठी एवढेच सांगते : पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहावे लागते.

गुलमोहर

मी परिचारिका आहे, आखातात काम केले आहे आणि आता नव्याने जाणाऱ्या मुलींना मार्गदर्शन करते. त्यांच्या हाती कागद पडतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पासपोर्टावर ईसीआर, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असा शेरा असेल तर आखातातील बहुतेक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासाची मंजुरी घ्यावी लागते. २०१५ पासून परिचारिकांनाही ईसीआर देशांसाठी ही मंजुरी लागते, आणि त्यांची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फत व्हावी अशी व्यवस्था आहे. हा त्रास वाटू शकतो, पण ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर करार नोंदवला गेला की पगार, पद आणि मालकाचे नाव सरकारदरबारी लागते, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचे संरक्षणही मिळते. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ" असे सांगणारा एजंट आपल्याला नेमके या नोंदीपासून दूर ठेवत असतो. एका मुलीला येथे सही केलेल्या करारात एक पगार दाखवला गेला आणि तेथे पोहोचल्यावर दुसरा करार पुढे ठेवला गेला. पहिला करार ई-मायग्रेटवर होता, त्याची छापील प्रत तिच्या पर्समध्ये होती, आणि दूतावासात तिचे म्हणणे त्या प्रतीमुळे ऐकून घेतले गेले.

पासपोर्ट मालकाकडे जमा करू नये. तो ठेवून घेणे तेथल्या कायद्यातही बसत नाही. आणि पदवी, नोंदणी व पासपोर्ट या तिन्हींवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हे येथूनच पाहून निघावे.

आगंतुक

गुलमोहर ताई, पत्नीला दुबईला न्यायचे आहे. विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारे एकच साक्षांकन केले तर पुरेल का?

गुलमोहर

नाही, दादा. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या करारात नाही. दाखला आधी राज्य सरकारकडून, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो, आणि तेथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. हा क्रम चुकवू नये. दाखल्यावरचे वहिनींचे नाव पासपोर्टाप्रमाणे नसेल तर आधी तेच दुरुस्त करून घ्या, कारण साक्षांकन झाल्यावर नाव बदलले तर सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.