फुटेल तेवढंच जोडायचं की सगळी लाईन काढायची?

कारेलीबागकर

मत आधी सांगतो, मग भांडा. बडोद्यातल्या कारेलीबाग, प्रतापगंज, निझामपुरा या बाजूच्या जुन्या सोसायट्यांनी आता पाईप फुटायची वाट बघत बसू नये. एकदाच वर्गणी काढावी, भिंतीतली सगळी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपांची) लाईन बंद करावी आणि नवी बाहेरून टाकावी. तुकडे जोडत बसणं म्हणजे पुढच्या फुटण्याची सोय करून ठेवणं.

आमच्याकडे परवा दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या भिंतीतला एल्बो, म्हणजे पाईपाचा वळणाचा जोड, गेला. रात्रीची वेळ. खालच्या घरात स्विचबोर्डावरून पाणी ओघळतंय. आधी मेन स्विच पाडला, मग माणूस शोधत बसलो. प्लंबर पोरगा आला, पाना लावला, जोर दिला. एल्बो जागचा हलला नाही, त्याच्या पुढचं निपल (जोडाचा आखूड तुकडा) मात्र मोडून हातात आलं. ते काढायला आणखी भिंत फोडली, तर तिथला सॉकेट, म्हणजे पुढचा जोड, गेला. शेवटी म्हणतो, ‘काका, आ पाइप नथी, पापड छे.’ कापलेला तुकडा मी ठेवून घेतलाय. अर्धा इंची पाईप, आतून तांबडे-काळे फोड, आणि मधल्या भोकातून पेन्सिलसुद्धा जात नाही. वरच्या मजल्यावरचे कधीपासून ‘प्रेशर नाही’ म्हणून ओरडत होते, ते उगाच नव्हतं.

जस्ताचा थर आहे तोवर जीआय ठीक. तो गेला की लोखंड आतून गंजत जातं. आटे पाडताना धातू खरवडला गेलेला असतो, म्हणून फुटायची पहिली पाळी सांध्याची. एक सांधा पान्याने हलवला की शेजारचे दोन खिळखिळे होतात. जोडकाम करून आपण नेमकं हेच करतो. वर रात्रीचे दुप्पट पैसे मोजतो, ते वेगळेच.

पेन्शनर प्रतापगंज

साफ असहमत. ‘एकदाच वर्गणी’ हे दोन शब्द लिहायला सोपे. आमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त घरांत फक्त म्हातारा-म्हातारी आहेत. काही घरांना कुलूप आहे, मुलं परदेशात. त्यांच्याकडून महिन्याचा मेंटेनन्स काढताना सेक्रेटरीच्या नाकी नऊ येतात आणि तुम्ही अख्ख्या इमारतीचा पाईप काढायला निघालात!

शिवाय नवीन पाईप म्हणजे काय, तर सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच. तो बाहेरून टाकला की वैशाखाचं ऊन थेट अंगावर. रंग दिला नाही, झाकला नाही, तर काही वर्षांत ठिसूळ होतो. आमच्या शेजारच्या इमारतीने हेच केलं. ठेकेदार रंग न देताच पसार झाला. आता क्लॅम्पपाशी तडे जातायत. जुना लोखंडी पाईप निदान गळण्याआधी भिंतीला ओल दाखवतो. हा सरळ दोन तुकडे होतो.

जोडकामावर आमची इमारत इतकी वर्षं चाललीय. पुढेही चालेल.

तळमजला

पेन्शनर काकांना +१, पण माझं कारण वेगळं आहे. मी तळमजल्यावर राहतो. माझ्या स्वयंपाकघरात मेन लाईनचं पाणी थेट येतं, वर टाकीत चढून खाली येत नाही. मग वर जाणाऱ्या पाईपचे पैसे मी सारखे का भरू?

भाचा

तळमजलेवाले, वरच्यांचा पाईप फुटला की पाणी कुणाच्या छतातून येतं?

तळमजला

माझ्याच. म्हणून तर म्हणतोय, नुकसान मी सोसायचं आणि वर्गणीही मीच द्यायची, हा कुठला न्याय?

निवृत्त पाणीपुरवठा

जन्मभर याच कामात होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुम्ही भिंतीतल्या पाईपावर भांडताय. मला जास्त काळजी जमिनीतल्या पाईपाची आहे. रस्त्यातल्या मेन लाईनवर फेरूल (जोडणी घ्यायची तोटी) बसवून तिथून तुमच्या अंडरग्राउंड टाकीपर्यंत जो पाईप येतो, तो सहसा घरमालकाचा. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, कारण तो फुटला तर घरात ओल येत नाही. पाणी मुकाट्याने जमिनीत मुरतं. आणि त्याच पट्ट्यातून ड्रेनेजची जुनी लाईन जाते.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. ठरलेल्या वेळेला येतं आणि जातं. पाणी असताना पाईपात दाब असतो, तेव्हा भोकातून पाणी बाहेर येतं. पाणी गेलं की पाईप रिकामा. त्यात कुणी मोटर सरळ लाईनला लावली असेल (आणि कुणी लावलेली नसते ते सांगा), तर शेवटच्या थेंबापर्यंत ओढताना पाईपात उलटा ओढा तयार होतो. त्याच भोकातून बाहेरचं ओलं, घाण जे असेल ते आत. दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झालं की पहिल्या दोन बादल्या गढूळ येतात, वास येतो. आपण म्हणतो, ‘वरूनच घाण आलंय.’ पुष्कळदा ते वरून आलेलं नसतं, आपल्याच फाटकापाशी आत शिरलेलं असतं.

शहराचं पाणी मुळात चांगलं आहे हो. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आजव्याचं तळं बांधून नळ आणले. पुढे शहर वाढलं तेव्हा मही नदीच्या पात्रात फ्रेंच विहिरी झाल्या. नदीच्या वाळूखाली आडवे जाळीचे पाईप घातलेले असतात, वाळूतून गाळून आलेलं पाणी मधल्या विहिरीत जमतं. इतकं निगुतीने आणलेलं पाणी शेवटच्या वीस फुटांत बिघडतं, याचं वाईट वाटतं.

घरी तपासायचं असेल तर क्लोरीन तपासायचे थेंब मिळतात. टाकीतलं नको, पाणी आल्या आल्या थेट नळाचं घ्या. थेंब टाकल्यावर पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. शेजारच्या घरी पिवळं आणि तुमच्याकडे पांढरंच, असं झालं तर आधी जमीन खणा, भिंत नंतर.

कारेलीबागकर

साहेब, हे तर माझ्याच बाजूचं झालं. जमिनीतलाही बदला, भिंतीतलाही बदला.

निवृत्त पाणीपुरवठा

बाजू कुणाची नाही. पैसा कमी असेल तर तो आधी कुठे घालायचा, ते सांगितलं.

वाड्यातली

तुमचं भांडण वाचून हेवा वाटला. निदान वर्गणी कुणाकडे मागायची ते तुम्हाला ठाऊक आहे!

आम्ही रावपुऱ्यात, जुन्या वाड्यात, आजोबांच्या वेळेपासून भाड्याने. चौकात एक नळ, बाकी प्रत्येकाने आपापल्या अकलेने ओढलेल्या लाईनी. कुणाची जीआय, कुणाची काळी रबरी नळी, आणि एका बिऱ्हाडाने तर लोखंडी पाईपावर गरम करून प्लास्टिकचा पाईप चढवलाय, वर तार. संडासाचा पाईप बिडाचा, उभा, भिंतीला लागून. त्याच्या सांध्यातून पावसाळ्यात काय गळतं ते लिहिण्यासारखं नाही. मालकाला सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘भाडं किती देता ते बघा आधी.’ खोटं नाही, भाडं किरकोळ आहे. पण त्याला वाडा पडायलाच हवाय हेही खोटं नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे असं वकील म्हणाले. गुजरातेतला १९४७चा मुंबई भाडे कायदा. त्यात घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची. नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून ठरावीक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करून घ्यायचा. आता गंमत बघा, आमचं भाडं इतकं कमी की एका टॉयलेटच्या पाईपाचा खर्च वळता व्हायला माझी मुलगी म्हातारी होईल.

तेव्हा आमच्यासाठी ‘सगळी लाईन काढा’ हा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळतो, वर जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पत्र्याची पट्टी) आवळतो. चालतं.

भाचा

ताई, ट्यूब आणि क्लिप हा खरंच चांगला तात्पुरता उपाय आहे. एम-सीलपेक्षा (भेगा बुजवायच्या लांबीपेक्षा) बरा, कारण वाहत्या पाण्यावर एम-सील धरतच नाही. लोक ओल्या पाईपावर थापतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

माझे मामा नळकाम करतात. रात्री फोन आला की ते आधी एकच विचारतात, ‘पाईप लोखंडाचा का?’ लोखंडाचा म्हटलं की दर वाढवतात, किंवा सकाळी येतो म्हणतात. लोकांना वाटतं अडवून लुटतात. त्यांचं म्हणणं ऐका: एक सांधा दुरुस्त करायला गेलो आणि दुसरा मोडला, तर गिऱ्हाईक म्हणतं ‘तुम्हीच फोडला’. मग मजुरी राहिली बाजूला, सामानही पदरचं घालायचं. जुन्या जीआयच्या कामावर ते हमी देत नाहीत, ते एवढ्यासाठी.

आणि काकांनी सीपीव्हीसीची जी तक्रार केली, त्यातली निम्मी पाईपाची नसून घाईची असते. जोड लावायचं सोल्यूशन सुकायला वेळ लागतो. घरातले मागे उभे राहून ‘झालं का, झालं का’ करतात, अर्ध्या तासात पाणी सोडायला लावतात, मग जोड सुटतो. काहीजण तर पीव्हीसीचं सोल्यूशन सीपीव्हीसीला लावतात. दोन्ही डबे सारखेच दिसतात, पण माल वेगळा. गीझरच्या लाईनवर तर हा चुकारपणा हमखास उघडा पडतो.

पेन्शनर प्रतापगंज

म्हणजे पाईप चांगला, माणूस वाईट. पण भाचेसाहेब, पाईप शेवटी माणूसच बसवणार ना?

दोन नंबरचा ब्लॉक

मीटिंगा पुष्कळ बघितल्यात. पुरुषमंडळी चहा घेतात, कोटेशन वाचतात, ‘पुढच्या रविवारी ठरवू’ म्हणून उठतात. रात्री पाणी भरायला आणि पुसायला आम्हीच.

सगळी लाईन बदलायची का नाही, हा वाद बाजूला ठेवा. मला सांगा, तुमच्या इमारतीत वरच्या टाकीचं पाणी बंद करायचा वॉल्व कुठे आहे हे किती जणांना ठाऊक आहे? आमच्याकडे गच्चीच्या दाराची किल्लीच एका गृहस्थांकडे, आणि ते भावाकडे सुरतेला गेलेले. वरून खाली पाणी कोसळतंय आणि आम्ही जिन्यात उभ्या. शेवटी कुलूप तोडलं. आत जाऊन बघतो तर गेट वॉल्वचं चाक गंजून गच्च. फिरवलं तर दांडाच तुटला. टाकी रिकामी होईस्तोवर पाणी येत राहिलं.

माझं मत: आधी प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र वॉल्व. गेट वॉल्व नको, पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल वॉल्व. पितळी. हाताला येईल अशा जागी, संडासाच्या माळ्यावर नाही. आणि दर महिन्याला एकदा बंद-चालू करायचा, म्हणजे अडकत नाही. एका घराचा पाईप फुटला तर त्याच घराचं पाणी बंद होईल, बाकीच्यांची रात्र वाया जाणार नाही. याला अख्ख्या लाईनच्या तुलनेत खर्च काहीच नाही.

तळमजला

हे पटलं. याचे पैसे द्यायला मी तयार.

पेन्शनर प्रतापगंज

मीही. ताईंचं बरोबर आहे. बघा, जोडकामवाल्यांचा पक्ष जिंकला.

कारेलीबागकर

कसला जिंकला? वॉल्व बसवायला प्रत्येक घराची लाईन कापावी लागणार. त्या जुन्या जीआयवर नवे आटे पाडून बघा, मग कळेल. पान्याचा जोर लागला की आतला पापडच बाहेर येणार. वॉल्वला माझी हरकत नाही, आधी वॉल्वच बसवा. माझी भीती एवढीच की वॉल्व बसले की लोकांना हायसं वाटेल आणि लाईनचा विषय पुन्हा बासनात. पुढच्या वेळी पाणी एका घरापुरतं थांबेल, पण पाईप फुटेलच. आणि पाणी बंद करता आलं म्हणून भिंतीत ओल मुरायची थांबत नाही. स्लॅबची सळई गंजली की प्लंबर नाही, इंजिनियर बोलवावा लागतो.

तळमजलेवाल्यांना एक विचारतो. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा अंडरग्राउंड टाक्या उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून साफ करायचा खर्च कुणी केला? सोसायटीने. वरच्या मजल्यांनीही भरला. तेव्हा ‘माझं घर कोरडं होतं’ असं कुणी म्हणालं होतं का?

तळमजला

तो मुद्दा मान्य. पण पूर आणि पाईप एका मापाने मोजू नका. पूर सगळ्यांचा असतो.

वाड्यातली

पूर सगळ्यांचा असतो हे आमच्या मालकाला कुणीतरी सांगा.

निवृत्त पाणीपुरवठा

वॉल्व बसवताना भिंत फोडणारच आहात, तर तेवढ्या तुकड्यात जीआय परत घालू नका. दोन्हीकडे युनियन (पाईप न कापता उघडता येणारा जोड) ठेवून मधला तुकडा नव्या पाईपाचा करा, म्हणजे पुढे लाईन बदलायची वेळ आली तर पुन्हा फोडावं लागणार नाही. आणि पितळ थेट जुन्या जीआयला चिकटवलंत तर त्या सांध्याचं लोखंड लवकर खाल्लं जातं. मधे प्लास्टिकचा तुकडा आला की तो प्रश्नही उरत नाही.

पेन्शनर प्रतापगंज

ठीक आहे. वॉल्वचा खर्च सगळ्यांत सारखा. उभ्या लाईनचा वाटा मजल्याप्रमाणे, तळमजल्याला कमी. रंगासकट कोटेशन घ्या आणि रंग झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. एवढं लिहून आणा, सही करतो. पण काम नवरात्रानंतर. पावसाळ्यात भिंत उघडी ठेवायला मी तयार नाही.

कारेलीबागकर

नवरात्रानंतर दिवाळी, दिवाळीनंतर लग्नं, मग उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग. काका, सही आजच करा, तारीख मी टाकतो.