मदत हवी आहे : फूझच्या अर्कात ६०४ वस्तुमानाचे दुसरे शिखर (पीक) कुठून येते?

नमस्कार.

मी चेंगडू येथे चिनी औषधी वनस्पतींच्या रासायनिक विश्लेषणावर संशोधन करते आहे. सध्या माझ्याकडे फूझचे काम आहे. फूझ म्हणजे अ‍ॅकोनिटम कार्मायकेली या वनस्पतीच्या मुख्य कंदाला बाजूने फुटणारे लहान कंद. मुख्य कंदाला छ्वानवू म्हणतात आणि ते वेगळे औषध मानले जाते. आपला बचनागही अ‍ॅकोनिटमच असल्यामुळे बचनागाच्या शोधनावर (विष उतरवण्याच्या प्रक्रियेवर) काम केलेल्या मंडळींना माझी अडचण ओळखीची वाटेल, या आशेने हा धागा काढते आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. सिचुआनमधील ज्यांगयौ परिसराचे फूझ सर्वांत नावाजलेले आहे. कंद जूनअखेरपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत काढतात आणि ते लवकर सडत असल्यामुळे लगेच दानबाच्या द्रावणात घालतात. दानबा म्हणजे मीठ तयार करताना मागे उरणारा खारा अंश. त्यात मुख्यतः मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड असतात. त्यानंतर कंद आतपर्यंत उकळून, कापून, पाण्यात भिजवून आणि वाफवून सालासकट काळ्या चकत्या (हेइशुनप्येन) किंवा साल काढून पांढऱ्या चकत्या (बाइफूप्येन) करतात. येनफूझ या तिसऱ्या प्रकारात कंद केवळ खारवलेला असतो, शिजवलेला नसतो.

या साऱ्या खटाटोपामागचे रसायनशास्त्र असे आहे. ताज्या कंदात अ‍ॅकोनिटीन, मेसाकोनिटीन आणि हायपाकोनिटीन ही तीन जहाल अल्कलॉइडे असतात. ती हृदयाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींमधील सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे आधी जीभ व ओठ बधिर होतात आणि मात्रा जास्त झाल्यास हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. या तिन्ही रेणूंवर दोन एस्टर बंध असतात : आठव्या कार्बनवर अ‍ॅसिटिल आणि चौदाव्या कार्बनवर बेंझॉइल. पाण्यात उष्णता दिली की अ‍ॅसिटिल आधी सुटतो, बेंझॉइलअ‍ॅकोनीनसारखी एकच एस्टर उरलेली संयुगे तयार होतात आणि विषारीपणा फार मोठ्या प्रमाणात उतरतो. म्हणूनच चिनी औषधकोशाने फूझसाठी दोन बाजूंनी मर्यादा घातली आहे. तीन द्वि-एस्टर अल्कलॉइडांची बेरीज ०.०२० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये आणि तीन एक-एस्टर अल्कलॉइडांची बेरीज ०.०१० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. ही दुसरी अट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण चकत्या धुऊन धुऊन निःसत्त्व केल्या तर त्या सुरक्षित ठरतील खऱ्या, पण औषध म्हणून त्यांचा काहीच उपयोग राहणार नाही.

आता माझा प्रश्न. औषधकोशातील पद्धत एचपीएलसीची असून (यात द्रावण दाबाने एका नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडून घटक वेगळे करतात) मोजमाप २३५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर होते. शिजवलेल्या चकत्यांत द्वि-एस्टर अल्कलॉइडे इतकी कमी उरतात की आम्ही मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) जोडून मोजतो. भुकटीला अमोनिया लावून, आयसोप्रोपॅनॉल व एथिल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणात अर्क काढून, तो कोरडा केल्यावर उरलेला अंश आमच्याकडच्या इतर सर्व वनस्पतींप्रमाणे मेथॅनॉलमध्ये विरघळवला जातो. बेंझॉइलअ‍ॅकोनीनचा आयन ६०४ ला दिसतो आणि स्टँडर्डच्या (शुद्ध संदर्भ नमुन्याच्या) वेळेवर त्याचे पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, व्यवस्थित येते. परंतु त्याच ६०४ वर थोड्या उशिरा आणखी एक पीक येते. व्हायल (नमुन्याची छोटी बाटली) ताजी असताना ते जेमतेम दिसते, ऑटोसॅम्पलरमध्ये (नमुने आपोआप यंत्रात सोडणाऱ्या भागात) पडून राहिलेल्या व्हायलमध्ये ठळक होते. काळ्या चकत्यांच्या नमुन्यात ते नगण्य आहे, येनफूझमध्ये मात्र मोठे आहे. त्याच व्हायलमध्ये मेसाकोनिटीन उतरत गेलेले दिसते.

हा वनस्पतीतलाच एखादा समघटक (त्याच रेणुसूत्राचा वेगळा पदार्थ) आहे की व्हायलमध्ये तयार होणारा पदार्थ? दोन्ही पिके एकत्र मोजली गेली तर बेंझॉइलअ‍ॅकोनीन फुगते. शिवाय मेसाकोनिटीन कमी दिसल्यामुळे नापास व्हायला हवी अशी चकती पास होऊ शकते. ती चकती पुढे कुणाच्या तरी काढ्यात जाणार असते, म्हणून हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : रानपाखरू

कॉलमचे तोंड खराब झाले असेल तरी एका पदार्थाची दोन पिके दिसतात. आधी शुद्ध स्टँडर्ड एकटे सोडून पाहिले आहे का?

धागाकर्ती

हो, पाहिले आहे. बेंझॉइलअ‍ॅकोनीनचे स्टँडर्ड एकच सुबक पीक देते, आणि त्याच कॉलमवर बाकीची पाच अल्कलॉइडेही नीट वेगळी होतात. त्यामुळे कॉलमचा संशय मी बाजूला ठेवला आहे.

प्रतिसाद : स्तंभालेख

ताई, आपण दिलेल्या वर्णनावरून दोष मेथॅनॉलचा आहे असे मला वाटते. मी अनेक वर्षे विषारी अल्कलॉइडांचे विश्लेषण करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या द्वि-एस्टर रेणूंचा आठव्या कार्बनवरचा अ‍ॅसिटिल गट पाण्याच्या सान्निध्यात निघून जातो आणि तिथे हायड्रॉक्सिल बसतो, हे आपण लिहिलेच आहे. पाण्याऐवजी मेथॅनॉल असेल तर त्याच जागी मेथॉक्सी गट बसतो. गरम केल्यास ही क्रिया वेगाने होते, पण खोलीच्या तापमानालाही ती हळूहळू चालू राहते. आता हिशेब करून पाहा. मेसाकोनिटीनचा आयन ६३२ ला येतो. त्यातून अ‍ॅसिटिल जाऊन हायड्रॉक्सिल आला की बेंझॉइलमेसाकोनीन, म्हणजे ५९०. हायड्रॉक्सिलऐवजी मेथॉक्सी आला की त्यात १४ ची भर पडते आणि आपण नेमके ६०४ वर पोहोचतो. बेंझॉइलअ‍ॅकोनीन आणि हा मेथॉक्सी गटवाला पदार्थ (मेथिल ईथर) यांचे रेणुसूत्र अक्षरशः एकच आहे; पहिल्यात नायट्रोजनवर एथिल गट आहे, दुसऱ्यात नायट्रोजनवर मेथिल असून जास्तीचा कार्बन आठव्या स्थानावर जाऊन बसला आहे. त्यामुळे वस्तुमान कितीही अचूक मोजले तरी दोघे वेगळे दिसणार नाहीत. यंत्रात रेणू फुटून होणाऱ्या तुकड्यांवरूनही चटकन निकाल लागेल असे समजू नका, कारण दोन्ही रेणू मेथॅनॉल आणि पाणी सहज गमावतात. मेथिल ईथर कमी ध्रुवीय असल्यामुळे तो कॉलमवरून उशिरा उतरतो, आणि आपले दुसरे पीक उशिराच येते आहे.

खात्रीसाठी सोपा प्रयोग सांगतो. येनफूझच्या कोरड्या अर्काचे दोन भाग करा. एक मेथॅनॉलमध्ये आणि दुसरा इथेनॉलमध्ये विरघळवून सारखाच वेळ ठेवा. दुसरे पीक द्रावकामुळे आले असेल तर इथेनॉलमध्ये ते ६०४ वरून ६१८ वर सरकेल. खरे बेंझॉइलअ‍ॅकोनीन मात्र दोन्हीकडे ६०४ वरच राहील. शुद्ध मेसाकोनिटीनवरही हेच करून पाहा. एक काळजी घ्या : मेथॅनॉलमध्ये अ‍ॅकोनिटीनचा मेथिल ईथरही ६१८ लाच येतो, म्हणून इथेनॉलच्या भागात मेथॅनॉलचा अंशही राहू देऊ नका.

तसेच औषधकोश या टप्प्यावर मेथॅनॉल वापरतच नाही, हे लक्षात घ्यावे. तिथे कोरडा अंश आयसोप्रोपॅनॉल आणि डायक्लोरोमिथेनच्या समभाग मिश्रणात विरघळवायला सांगितले आहे, सोनिकेटरमधील (ध्वनिलहरींनी अर्क काढणाऱ्या यंत्रातील) पाणी २५ अंशांखाली आणि अर्क आटवतानाचे तापमान ४० अंशांखाली ठेवायला सांगितले आहे. अमोनियामुळे माध्यम अल्कधर्मी असते आणि अशा माध्यमात एस्टर तुटायला उष्णतेची मदत नको, हा त्यामागचा हेतू आहे. मास स्पेक्ट्रोमीटरसाठी किंचित आम्ल केलेले अ‍ॅसिटोनायट्राइल वापरून पाहा, पण शुद्ध मेसाकोनिटीन त्यात टिकते की नाही हे आपल्याच व्हायलमध्ये आधी तपासा.

प्रतिसाद : कंदमूळ

मी बचनागाच्या शोधनावर काम केले आहे. आपल्याकडे कंद गोमूत्रात भिजवतात किंवा गाईच्या दुधात दोलायंत्राने स्वेदन करतात (पुरचुंडीत बांधून, टांगून उकळतात), आणि त्या कामात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. कंदातले विष कमी झाले याचा अर्थ ते निर्विष संयुगात बदलले असा नेहमीच होत नाही. ते भिजवण्याच्या द्रवात उतरून नुसते बाहेर गेलेलेही असू शकते. नुसता कंद मोजला तर हे दोन मार्ग वेगळे करता येत नाहीत. फूझच्या बाबतीत दानबाचे द्रावण, उकळण्याचे पाणी आणि भिजवण्याचे पाणी या सर्वांचे नमुने ठेवावेत आणि हिशेब ग्रॅममध्ये न करता मोलमध्ये (रेणूंच्या संख्येनुसार) करावा, कारण मेसाकोनिटीनचे बेंझॉइलमेसाकोनीन होताना रेणूचे वजनच घटते.

दुसरे म्हणजे येनफूझमध्ये मिठाचे वजन बरेच असते. त्याची टक्केवारी थेट काळ्या चकतीच्या शेजारी मांडली तर खारवलेला कच्चा कंद आहे त्यापेक्षा सौम्य भासेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इथेनॉलचा प्रयोग केला. येनफूझच्या अर्कात उशिरा येणारे पीक ६०४ वरून नाहीसे झाले आणि ६१८ वर उगवले; स्टँडर्डच्या वेळेवरचे पीक जागचे हलले नाही. शुद्ध मेसाकोनिटीननेही तेच दाखवले, म्हणजे तो पदार्थ व्हायलमध्येच तयार होतो. काळ्या चकत्यांत तो का दिसत नव्हता हेही आता कळले : त्यांच्यात मेसाकोनिटीनच फारसे उरलेले नसते. यापुढे मेथॅनॉल पूर्ण बंद, आणि धुण्याच्या पाण्याचे नमुने आजपासून राखून ठेवते आहे.

येनफूझची टक्केवारी कशी मांडावी, याबद्दल मात्र अजून विचारायचे आहे. क्लोराइड मोजून मिठाचे वजन वजा करावे, की नमुना जसा मिळाला तसाच आकडा द्यावा?

प्रतिसाद : स्तंभालेख

दोन्ही द्यावेत, आणि कोणता आकडा कशावर काढला आहे हे कोष्टकातच लिहावे. येनफूझ तसेच्या तसे काढ्यात घालायचे नसते. ते पाणी बदलत भिजवून, मीठ उतरवून, ज्येष्ठमध आणि काळ्या सोयाबीनबरोबर आतपर्यंत शिजवतात, मगच त्याच्या पातळ चकत्या होतात. शिजले की नाही हे पाहण्याची जुनी खूण म्हणजे कापलेला तुकडा जिभेला लावल्यावर झिणझिण्या येता कामा नयेत. जिभेची ही परीक्षा द्वि-एस्टर अल्कलॉइडांचीच परीक्षा आहे, फक्त तिला आकडा नाही. प्रयोगशाळेत ती करून पाहण्याच्या मोहात कुणी पडू नये.

आता नमुना घेण्याकडे लक्ष द्या. कंद बाहेरून शिजत जातो, त्यामुळे मोठ्या कंदाचा गाभा कडेपेक्षा कच्चा राहू शकतो. दोन-चार चकत्या उचलून दळल्या तर उत्तर त्या चकत्यांचे असेल, पोत्याचे नव्हे. पोत्याच्या वेगवेगळ्या थरांतून भरपूर माल घेऊन, तो सगळा दळून, चाळून, मिसळून मगच २ ग्रॅम तोलावेत.

धागाकर्ती

पटले. मोठ्या आणि लहान कंदांच्या चकत्या वेगळ्या करून, त्यांची कड आणि गाभा स्वतंत्र दळून मोजते. बचनागाच्या कंदावर कुणी अशी कड-गाभा तुलना केली असेल, तर कापताना थराची जाडी किती घेतली हे कृपया इथे कळवावे, म्हणजे दोन्ही कंदांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.