१९७२च्या स्ट्रॅट गिटारचा मधला पिकअप बंद: रिवाइंड करू (नवी तार गुंडाळून घेऊ) की तसाच जपून ठेवू?

तारछेड
फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार, तिन्ही पिकअप (तारांचं कंपन पकडणाऱ्या मॅग्नेट-कॉइल) मूळचे, पिकअपची खालची पट्टी करडी. मानेकडचा ५.७ किलोओहम, ब्रिजचा ५.९. मधला पावसाळ्याआधी वाजत होता, आता मीटरवर ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेला. पुण्यात तापकीर गल्लीत मोटार वाइंडिंगवाला ‘ठेवून जा, गुंडाळून देतो’ म्हणतोय. देऊ?

पेठेतला_हम
थांबा! मीटर बाहेरच्या वायरींना लावला असेल तर ते मोजमाप धरू नका. पिकअप उलटा करा आणि पट्टीवरच्या दोन आयलेटवर (कॉइलची टोकं सोल्डर केलेल्या धातूच्या कड्यांवर) थेट मोजा. तिथे साडेपाच-सहा आलं तर फक्त वायर किंवा सोल्डरचा डाग गेलाय.

तरीही ओपन? मग एक प्रोब बाहेरच्या टोकाच्या आयलेटवर, दुसरा सहाही मॅग्नेटवर आळीपाळीने. काहीच येता कामा नये. जवळजवळ पूर्ण रीडिंग आलं तर तार आतल्या टोकाला तुटलीय. स्ट्रॅटची कॉइल मॅग्नेटवरच गुंडाळलेली असते, मध्ये फक्त लॅकरचा हात. ओल धरली की मॅग्नेट गंजतो आणि तो गंज तारेचं इनॅमल, म्हणजे वरचा इन्सुलेशनचा थर, खातो.

बाहेरचं टोक तुटलं असेल तर काम सोपं. दोन-तीन फेरे सोडवा. जुनं इनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेने जळत नाही, १००० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यातून टोक हलकेच दोनदा ओढा. तार ४२ गेजची, ०.०६३ मिमी, श्वास लागला तरी हलते. सोल्डरिंगची इस्त्री आयलेटवर दोन सेकंद, जास्त नको, पट्टी करपते. हजारो फेऱ्यांतले दहा गेले तर कानाला कळत नाही.

मेणबत्ती
वाइंडिंगवाल्याचा हात जाड तारेचा असतो. ही तार ताणून गुंडाळली की बारीक होते, रेझिस्टन्स वाढतो. मीटर ‘बरोबर’ दाखवतो आणि फेरे मात्र कमी! द्यायचंच तर त्याच्याकडे फेरे मोजायचा काउंटर आहे का, एवढं विचारा. शिवाय जुनी कॉइल काढताना मॅग्नेट ठोकून बाहेर काढू देऊ नका. कॉइल कापण्याआधी गुंडाळण्याची दिशा लिहून ठेवा, आणि नवी चढवण्याआधी मॅग्नेटना लॅकर लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच.

मेणात बुडवा असा सल्ला कुणीतरी देईलच. पिकअप शिट्टी मारत नसेल तर गरज नाही.

पेठेतला_हम
माझं मत डबीकडे: मूळचा पिकअप तसाच डबीत जपून ठेवा, गिटारला बदली लावा. डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि स्पीकरच्या मॅग्नेटपासून लांब ठेवा. बदली पिकअप मागवताना मधला ‘रिव्हर्स वाउंड’ (उलट दिशेने गुंडाळलेला, उलट पोलॅरिटीचा) घेऊ नका. तुमच्या वर्षी तिन्ही एकाच दिशेचे आणि एकाच पोलॅरिटीचे असत, स्विचही तीनच जागांचा. उलटा घेतलात तर दोन पिकअप एकत्र वाजवताना हम जाईल, पण मूळची जोडी राहणार नाही.

मेणबत्ती
असहमत. वाजत नाही तो पिकअप कसला, शोपीस! नीट गुंडाळला तर मॅग्नेट आणि पट्ट्या मूळच्याच राहतात. विकायची असेल तरच डबी.

तारछेड
विकायची नाही. मोजलं: बाहेरचं आयलेट ते चौथा मॅग्नेट ५.६. म्हणजे आतलं टोक.

पेठेतला_हम
ब्लेड लावण्याआधी भिंगाखाली आतल्या टोकाचं आयलेट बघा. तिथून तार भोकातून कॉइलमध्ये जाते. गंजाचा हिरवा ठिपका आयलेटपाशीच असेल आणि भोकाबाहेर दोन-तीन मिलिमीटर तार शिल्लक असेल तर तिला बारीक तुकडा जोडता येतो. नसेल तर मेणबत्तीचं ऐका.