विकायला आता उरलंय काय? (बेसबॉल: शिकागो व्हाइट सॉक्स, २०२५ च्या ६० विजय आणि १०२ हारींनंतर)

पस्तिसावी गल्ली

काल या फोरमवर 'स्कोअरकार्ड' यांनी टीमसाठी त्यांचा हिवाळी आराखडा टाकला. थोडक्यात असा: लुईस रॉबर्ट विका, बेनिंटेंडीला कुणी फुकट नेत असेल तर गाडीभाडं आपण द्या, काइल टील आणि कोल्सन माँटगोमेरी ही पोरं सोडून जो मागतील तो द्या, आणि २०२८ ची वाट बघा. त्यावर चार जणांनी 'अगदी मनातलं' म्हटलंय. ते वाचून झोप उडाली, म्हणून हा वेगळा धागा.

२०२८? अहो, मी २०१६ च्या डिसेंबरपासून वाटच बघतोय. तेव्हा आपला पिचर (म्हणजे गोलंदाज) क्रिस सेल बोस्टनला दिला, मोंकाडा आणि कोपेक आले. पुढच्या जुलैत पिचर किंताना शिकागोच्याच दुसऱ्या टीमला, कब्जना दिला, एलॉय आणि सीस आले. 'पोरं तयार होतायत' म्हणत तीन वर्षं मार खाल्ला. मिळालं काय? २०२१ चं डिव्हिजनचं (गटाचं) एक विजेतेपद, आणि आयोवात मक्याच्या शेतात टिम अँडरसनने यांकीजची जिरवली ती एक रात्र. २०२१ पासूनचे दर वर्षीचे विजय मोजा: ९३, ८१, ६१, ४१. उतरती भाजणी! यंदा ६० झाले तर आपण दिवाळी असल्यासारखे वागतोय.

या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार कुणाचा? बेनिंटेंडीचा. पाच वर्षं, साडेसात कोटी डॉलर. न्यू यॉर्कच्या मेट्सनी हुआन सोटोला साडेशहात्तर कोटी दिले. सोटो आणा असं मी म्हणत नाही, पण शिकागो आहे हे, एखादं तालुक्याचं गाव नाही.

मी काय करेन? रॉबर्टचा दोन कोटींचा ऑप्शन (पुढचं वर्ष त्याला ठेवून घ्यायचा हक्क) उचलेन. फर्स्ट बेसला पंचवीस-तीस होमरन मारणारा माणूस विकत (हो, विकत!) आणेन. शेन स्मिथच्या जोडीला एक पोक्त स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर). बुलपेनमध्ये (नंतर येणाऱ्या पिचरांत) दोन जण, ज्यांना आठव्या इनिंगमध्ये घाम फुटत नाही. कोल्सन माँटगोमेरीने ७१ मॅचमध्ये २१ होमरन मारले. त्याच्या मागे बॅटिंगला कुणी दमदार नसेल तर पुढच्या वर्षी पिचर त्याला मारण्याजोगा चेंडू देतील कशाला?

स्कोअरकार्ड

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

भावना बाजूला ठेवा. रॉबर्टने २०२३ ला ३८ होमरन मारले. त्यानंतर १४ आणि १४. सरासरी .२२३. ऑगस्टमध्ये मांडीचा स्नायू गेला आणि सीझन संपला. दोन कोटी कशाचे, ३८ च्या आठवणींचे?

आणि 'विकून काय मिळालं' म्हणता, तर पिचर क्रोशे बोस्टनला विकला नसता तर काइल टील कुठून आला असता? माइडरॉथ? ब्रेडन माँटगोमेरी? ज्यांच्या जिवावर तुम्ही २०२६ ची स्वप्नं बघताय ती पोरं विकण्यातूनच आलीत. कब्ज २०१२ ला १०१ हरले, २०१६ ला जिंकले. ॲस्ट्रोज २०१३ ला १११ हरले, २०१७ ला जिंकले.

रिग्लीची सून

ॲस्ट्रोजचं २०१७ सांगताना, चोरलेल्या खुणा कळवायला बडवलेल्या कचऱ्याच्या डब्याचे आभार राहिले.

बाकी चालू द्या. शेजारच्या घरची भांडणं गच्चीतून ऐकायला मजा येते.

पस्तिसावी गल्ली

सूनबाई, तुमच्या घरच्यांना, कब्जना, याच महिन्यात मिलवॉकीने परत पाठवलं. गच्चीवरून खाली या.

@स्कोअरकार्ड, क्रोशेने बोस्टनकडून २५५ जणांना स्ट्राइकआउट केलं, सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर. त्याला त्यांनी सहा वर्षांचे १७ कोटी दिले. ते आपण का देऊ शकलो नाही, हा माझा प्रश्न. टील गुणी आहे, वाद नाही. पण प्रत्येक वेळी बैल विकून वासरू आणायचं आणि वासराचा बैल झाला की तोही बाजारात. शेत नांगरायचं कधी?

मोज्यांची जोडी

विकण्यावरून आठवलं. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सांगलीहून बाबा आले होते. २४ तारखेला त्यांना मॅचला नेलं. १२० हार झाल्या होत्या, विक्रमी १२१ वी बघायची म्हणून खास तिकिटं काढली होती. इतिहास घडताना आपण हजर पाहिजे ना! आणि हे पठ्ठे त्या रात्री जिंकले. एंजल्सविरुद्ध, आठव्या इनिंगमध्ये मागून येऊन. एवढंच नाही, ती अख्खी सिरीज जिंकले आणि मग डेट्रॉइटला जाऊन १२१ वी हरले. हरणंसुद्धा घरच्या माणसांसमोर जमलं नाही.

स्टेडियमभर 'सेल द टीम, सेल द टीम' चाललं होतं. बाबांनी विचारलं, "हा सेल कोण रे?" मी म्हटलं, "पिचर होता. तोही विकला."

पहाटेचा प्रेक्षक

ठाण्याहून. लोळलो. 😂

पण खरा रोग मालक आहे. १९८१ पासून एकच माणूस. पोरांची टीम तयार झाली तेव्हा २०२० मध्ये मॅनेजर कोण आणला? ७६ वर्षांचा ला रुसा. का, तर १९८६ साली त्याला काढल्याची रुखरुख होती म्हणे. घरच्या रुखरुखीसाठी टीमचा बळी. आता नवा मालक इश्बिया येणार म्हणतात, तेही २०२९ पासून पुढे. तोवर रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीवर) लिहिणं म्हणजे भाड्याच्या घराला रंग देणं.

खडूस दादरकर

सगळं वाचलं. मूळ मुद्द्याला कुणी हात घातलाच नाही. बंट.

आमच्या वेळी कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवर खेळायचो. चेंडू कुठे जाईल त्याच्या बापालाही माहीत नसायचं. तिथे षटकार मारायला जाणारा कॅप्टनच्या शिव्या खायचा. एक-एक धाव चोरायची. यांना ते शिकवा. बेसवर माणूस आहे, आउट कुणी नाही, तर ठेवा चेंडू हळूच खाली आणि माणूस पुढे सरकवा. हे काय करतात? डोळे मिटून फिरवतात आणि तोंड पाडून परत येतात. रॉबर्टने ३३ बेस चोरलेत यंदा, ते कुणी बोलतच नाही. तो मला हवा आहे, पण त्या कारणासाठी.

स्कोअरकार्ड

काका, आदर ठेवून सांगतो. पहिल्या बेसवर माणूस आणि शून्य आउट, यातून जितक्या धावा निघतात त्याहून कमी धावा दुसऱ्या बेसवर माणूस आणि एक आउट यातून निघतात. हे मोजून झालंय, कित्येकदा झालंय. २७ आउट मिळतात, त्यातला एक तुम्ही हाताने देता. नवव्या इनिंगला एकच धाव हवी असेल तर गोष्ट वेगळी.

खडूस दादरकर

मॅच बघता की एक्सेल?

स्कोअरकार्ड

एक्सेलला सातव्या इनिंगमध्ये डुलकी लागत नाही.

खडूस दादरकर

वयावर जाऊ नका. २००५ ला तुम्ही डायपरमध्ये असाल. ती टीम कशावर जिंकली? छोट्या खेळावर. पोडसेडनिकने ५९ बेस चोरले. प्लेऑफआधीच्या अख्ख्या सीझनमध्ये एकही होमरन नाही त्या माणसाचा! मॅनेजर गियेनचा हुकूम आला की बंट. वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, ४-०. ८८ वर्षांनी.

पस्तिसावी गल्ली

काका, बाजू तुम्ही माझी घेताय, पण हे मलाही पचत नाही. २००५ च्या टीमने २०० होमरन मारले होते. एकट्या कोनर्कोचे ४०. आणि एंजल्सविरुद्ध लागोपाठ चार मॅच चार पिचरनी एकट्याने संपवल्या: बर्ली, गार्लंड, गार्सिया, काँत्रेरास. आज एक पूर्ण मॅच टाकणारा सापडला तर सत्यनारायण घालावा लागेल. बंट ही वर घातलेली शेव होती. मिसळ पिचिंगची होती.

(आता माझ्याच धाग्यात मीच अवांतर करतोय.)

डावखुरी

बंट हा शब्द दिसला म्हणून लॉगिन केलं.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना गावच्या टीममध्ये खेळायची. कोच अशाच 'आमच्या वेळी' पंथातले. ती अंगाने बारीक, म्हणून दर वेळी खूण एकच: बंट. दोन सीझन! दोन सीझन त्या पोरीने बॅट पूर्ण फिरवली नाही. दांडगी पोरं फिरवून आउट झाली की 'गुड ट्राय', आणि हिने एकदा खूण मोडून फिरवली तर बाकावर. घरी येऊन अंगणात एकटी बॅट फिरवायची, अंधार पडेपर्यंत. मी खिडकीतून बघायचे. तेव्हा काका, तुमच्या 'एक-एक धाव चोरायची' मध्ये चोरी नेहमी कुणाच्या खिशातून होते तेही बघा.

खडूस दादरकर

त्या कोचचं पाप माझ्या माथी कशाला? मी व्हाइट सॉक्सबद्दल बोलतोय.

डावखुरी

सगळे कोच असंच म्हणतात.

रिग्लीची सून

मी मक्याच्या लाह्या भाजायला घेतल्या आहेत.

मोज्यांची जोडी

दादरकर काका, तुम्ही २००५ ला प्रत्यक्ष होतात का हो? खवचटपणे नाही विचारत. मी तेव्हा सांगलीत अकरावीत होतो, बेसबॉल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

खडूस दादरकर

होतो. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या मॅचला. ऑक्टोबरची थंडी, वरून भुरभुर पाऊस, हिची कुरकुर. सातव्या इनिंगमध्ये कोनर्कोने चारही बेस भरलेले असताना होमरन मारला, ६-४ झालं. ही म्हणाली, "जिंकलात ना आता? चला." म्हटलं चला. रेड लाइनच्या फलाटावर उभे होतो. गाडी येईना. तेवढ्यात स्टेडियमकडून असा गलका उठला की फलाट हादरला, आणि आभाळात आतषबाजी. शेजारच्याच्या कानाला रेडिओ होता, तो माझा हात धरून नाचायलाच लागला. मधल्या वेळात ॲस्ट्रोजनी बरोबरी केली होती आणि आपण परत जिंकलो होतो, दोन्ही मी फलाटावर उभं राहून चुकवलं. त्या दिवसापासून शेवटच्या आउटपर्यंत उठत नाही. गेल्या वर्षी लागोपाठ २१ हरले, त्यातल्या घरच्या दोन मॅचना गेलो होतो, तेव्हाही उठलो नाही.

स्कोअरकार्ड

एक मिनिट. ती मॅच संपवणारा होमरन कुणी मारला होता?

खडूस दादरकर

मला माहीत आहे कुणी मारला.

स्कोअरकार्ड

सगळ्यांना सांगा की.

खडूस दादरकर

पोडसेडनिकने.

स्कोअरकार्ड

म्हणजे तुमच्या बंटवाल्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा फटका पूर्ण बॅट फिरवून मारला, आणि तुम्ही तो बघितला नाही. माझं म्हणणं संपलं.

डावखुरी

😂😂 काका, सॉरी, पण हे माझ्या मुलीला वाचून दाखवणार.

पहाटेचा प्रेक्षक

मालकाबद्दल कुणी बोलायचंय की नाही? बरं, ड्राफ्टचं (नवी पोरं निवडायच्या फेरीचं) बघा. १२१ हरूनही यंदा आपला नंबर दहावा. का, तर मोठ्या शहराच्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं लॉटरी (वरचे नंबर ठरवणारी सोडत) नाही. म्हणजे नियमानुसार आपण श्रीमंत, खर्च करताना गरीब, आणि हरताना अव्वल. 'हरा आणि रांगेत पुढे या' हे स्कोअरकार्ड यांचं गणित त्या वर्षी चाललंच नाही.

स्कोअरकार्ड

हा मुद्दा बरोबर आहे. लिहिताना तो नियम माझ्या डोक्यात नव्हता. पण म्हणूनच प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरं) ट्रेडमधून आणावे लागतात ना! आणि शेन स्मिथ बघा: मिलवॉकीने राखला नाही, रूल ५ मध्ये (इतरांनी न राखलेले खेळाडू उचलायची सोय) १ लाख डॉलर टाकून उचलला आणि पहिल्याच वर्षी ऑल-स्टार. अशी माणसं हुडका. फर्स्ट बेसवर कोटी ओतायची काय गरज?

पस्तिसावी गल्ली

दर वर्षी जुन्या बाजारात पैठणी सापडत नाही. आणि हुडकण्याच्या अकलेवर फार विसंबू नका. याच क्लबने २०१६ ला १७ वर्षांचं एक पोरगं सॅन दिएगोला दिलं, जेम्स शील्ड्ससाठी. त्या पोराचं नाव फर्नांडो तातिस ज्युनियर. 'विका' म्हणणाऱ्यांनी ते कपाटावर चिकटवून ठेवावं.

स्कोअरकार्ड

तातिस काढलात म्हणजे युक्तिवाद संपले. तरीसुद्धा एवढं मान्य: आत्ता रॉबर्ट विकला तर भाव पडलेला मिळेल. ऑप्शन उचला. दोन कोटी तुमच्या भावनांच्या खात्यात टाका. पण जुलैपर्यंत धडधाकट राहिला तर विकायचा. रडायचं नाही.

पस्तिसावी गल्ली

जुलैपर्यंत धडधाकट राहिला तर मी स्वतः पेढे वाटीन. मग बघू.

मोज्यांची जोडी

आता तर पोप लिओही आपलेच, शिकागोचे आहेत. २००५ ला पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये होते. शेवटपर्यंत बसले की नाही विचारायला पाहिजे.

खडूस दादरकर

कळला टोमणा.

डावखुरीताई, मुलगी खेळते का अजून?

डावखुरी

खेळते. आता हायस्कूलला आहे, पहिल्या नंबरला जाते. आणि विचारलंच आहे तर सांगते, कधीमधी बंटही करते. थर्ड बेसवाली मागे उभी दिसली की. पण स्वतःच्या मनाने, कुणाच्या खुणेवर नाही.

खडूस दादरकर

मग माझं काय वेगळं म्हणणं होतं?

डावखुरी

काका!!

पस्तिसावी गल्ली

एवढे प्रतिसाद झाले, फर्स्ट बेसला कोण आणायचा हे अजून एकानेही सांगितलं नाही.